ओ निगेटिव्ह रक्तगट, टॉक्सो पॉझिटिव्ह अहवाल आणि माणसाचा स्वभाव

प्रश्न असा आहे: गर्भधारणेआधी केलेल्या टॉर्च तपासणीत (बाळाला बाधू शकणाऱ्या संसर्गांची रक्ततपासणी) टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची आयजीजी (दीर्घकाळ टिकणारी अँटीबॉडी) पॉझिटिव्ह आणि आयजीएम (लागणीच्या सुरुवातीला दिसणारी अँटीबॉडी) निगेटिव्ह आलं आहे, रक्तगट ओ निगेटिव्ह आहे. आरएच निगेटिव्ह माणसाला टॉक्सोची लागण झाली की स्वभाव बदलतो, प्रतिक्रिया मंदावतात, गाडी चालवताना अपघात जास्त होतात, असं वाचनात आलं. हे खरं आहे का? औषध घेऊन ते उलटवता येतं का? आणि ‘ओ’ गटाच्या लोकांचा स्वभाव म्हणून जे सांगतात, त्यात काही तथ्य आहे का?

आधी थोडक्यात उत्तर. ए, बी, एबी, ओ या गटांचा स्वभावाशी संबंध नाही, हे मोठ्या पाहण्यांतून स्पष्ट झालं आहे. आरएच आणि टॉक्सोचा दावा मात्र खऱ्या संशोधनातून आलेला आहे आणि त्याला गांभीर्याने उत्तर द्यायला हवं. पण तो फार थोड्या माणसांच्या आकड्यांवर उभा आहे आणि एका व्यक्तीचा अहवाल हातात घेऊन तिच्या स्वभावाबद्दल काहीही सांगता येत नाही. औषधाची गरज नाही. तुमच्या कागदांवरची लक्ष देण्यासारखी नोंद आहे ती ‘आरएच निगेटिव्ह’, आणि तीही बाळाच्या दृष्टीने. त्याबद्दल शेवटी सविस्तर लिहितो.

‘ओ’ गटाचा भाग आधी संपवू. रक्तगटावरून स्वभाव ही कल्पना जपानमध्ये १९२७ साली ताकेजी फुरुकावा यांनी मांडली आणि १९७० च्या दशकात मासाहिको नोमी या लेखकाने ती घराघरात नेली. ए म्हणजे काटेकोर, बी म्हणजे मनस्वी, ओ म्हणजे मोकळाढाकळा, एबी म्हणजे विक्षिप्त, अशी ती विभागणी. तिकडे ती इतकी रुजली आहे की २०११ साली रयू मात्सुमोतो या मंत्र्यांनी आपल्या उर्मट बोलण्याचं कारण देताना आपला गट बी असल्याचं सांगितलं होतं. २०१४ साली केंगो नावाता यांनी जपान आणि अमेरिकेतल्या १० हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली. ६८ प्रश्नांपैकी ६५ मध्ये गटागटांत लक्षणीय फरक आढळला नाही आणि उरलेल्या तिनांतला फरकही नगण्य होता. त्याआधी ऑस्ट्रेलियातल्या रक्तदात्यांवर आणि तैवानमधल्या विद्यार्थ्यांवर झालेल्या पाहण्यांतूनही काही निघालं नव्हतं. जपानमध्ये अधूनमधून जो किंचित फरक दिसतो त्याचं एक सरळ कारण आहे: लहानपणापासून ‘तू ए गटाची, तू नीटनेटकी’ हे ऐकलेली व्यक्ती प्रश्नावलीत स्वतःला नीटनेटकीच लिहिते.

एक तांत्रिक मुद्दा इथे सांगण्याजोगा आहे. ए, बी, ओ म्हणजे तांबड्या पेशीवरच्या साखरेच्या साखळीचं शेवटचं टोक. एच नावाच्या मूळ साखळीवर एक साखर जोडली तर ए, दुसरी जोडली तर बी, काहीच जोडलं नाही तर ओ. ज्यांच्यात मुळात एच साखळीच तयार होत नाही त्यांचा गट ‘बॉम्बे’. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी तो शोधला. अशा व्यक्तीची फक्त पेशींची चाचणी केली तर अहवालात ‘ओ’ येतं. रक्तद्रव घेऊन ओ पेशींशी उलट चाचणी केली तरच खरं कळतं. रक्त चढवताना ही चूक जिवावर बेतू शकते. पण याचा दुसरा अर्थही लक्षात घ्या: ‘ओ’ हा शिक्का म्हणजे एका साखरेचा अभाव, एवढंच. त्या साखरेचा मेंदूच्या कामाशी संबंध जोडणारा एकच दुवा शास्त्रज्ञ गंभीरपणे चर्चिताना दिसतात. डोपामाइनपासून नॉरअॅड्रेनलिन (दोन्ही मेंदूतली निरोप पोचवणारी रसायनं) बनवणाऱ्या विकराचं, म्हणजे एन्झाइमचं, जनुक आणि एबीओचं जनुक ९ व्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी आहेत. शेजार आहे हे खरं, पण त्यातून स्वभावाचा फरक निघाल्याचं वर सांगितलेल्या पाहण्यांत दिसलेलं नाही.

रक्तगट आणि परजीवी यांचं नातं मात्र कपोलकल्पित नाही, आणि ते कुठे पक्कं आहे हे पाहिलं की टॉक्सोच्या दाव्यातली अडचणही समजते. हिवतापाचा परजीवी तांबड्या पेशीतच राहतो. व्हायव्हॅक्स जातीला पेशीत शिरायला डफी नावाचा प्रतिजन (पेशीच्या पृष्ठभागावरची खूण) लागतो. पश्चिम आफ्रिकेत बहुसंख्य लोकांच्या तांबड्या पेशींवर तो नसतो, म्हणून तिथे व्हायव्हॅक्स फार क्वचित. फॅल्सिपेरम जातीची लागण झालेल्या पेशी आजूबाजूच्या निरोगी पेशींना चिकटवून घेतात, त्यातून बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. ए आणि बी साखरांमुळे हे चिकटणं घट्ट होतं, ओ मध्ये सैल राहतं. मालीमधल्या २००७ च्या अभ्यासात ओ गटाच्या मुलांना गंभीर हिवतापाचा धोका साधारण दोन तृतीयांशाने कमी निघाला. इथे परजीवी, पेशी, रेणू आणि आजार ही साखळी पूर्ण आहे. प्रत्येक कडी प्रयोगशाळेत दाखवता येते.

टॉक्सोप्लाझ्मा गॉन्डीचं तसं नाही. हा एकपेशीय परजीवी केंद्रक असलेल्या जवळपास कुठल्याही पेशीत वाढतो. माणसाच्या पक्व तांबड्या पेशीला केंद्रकच नसतं, आणि आरएच-डी हे प्रथिन (ते नसलं की आरएच निगेटिव्ह) तर फक्त तांबड्या पेशींवर आणि त्यांच्या पूर्वजपेशींवर असतं. मेंदूच्या पेशींवर ते नसतं. म्हणजे परजीवी मेंदूत आणि स्नायूत गाठी करून बसलेला, आणि आरएच-डी रक्तात फिरणाऱ्या पेशीवर. दोघांची गाठ कुठे पडते, याला आजतागायत सिद्ध झालेलं उत्तर नाही. आरएच कुटुंबातली काही प्रथिनं अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइडची ने-आण करतात, तेव्हा आरएच-डी नसलेल्यांत मेंदूला होणाऱ्या वायूच्या पुरवठ्यात सूक्ष्म फरक पडत असेल, असा तर्क मांडला गेला आहे. तो तर्कच आहे.

मग हा दावा आला कुठून? प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातले यारोस्लाव्ह फ्लेगर १९९० च्या दशकापासून यावर काम करत आहेत. पार्श्वभूमी उंदरांची. टॉक्सोची लैंगिक अवस्था फक्त मांजराच्या आतड्यात पूर्ण होते, त्यामुळे बाधित उंदीर मांजराच्या तोंडी पडणं परजीवीच्या फायद्याचं. २००० साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी दाखवलं की बाधित उंदीर मांजराच्या मुताच्या वासाला घाबरून दूर जात नाहीत. पुढे परजीवीत डोपामाइन बनवायला लागणाऱ्या विकराची दोन जनुकं सापडली आणि कोडं सुटल्यासारखं वाटलं. पण ती जनुकं काढून टाकलेले परजीवी वापरून केलेल्या प्रयोगांत मेंदूतल्या डोपामाइनच्या पातळीत फरक दिसला नाही. मेंदूतली दीर्घकाळची दाहप्रक्रिया हे स्पष्टीकरण आता अधिक पटण्याजोगं वाटतं. तसंच, बाधित उंदरांची भीती फक्त मांजरापुरती जाते की एकंदरच कमी होते, यावरही एकमत राहिलेलं नाही.

फ्लेगर यांनी हाच प्रश्न माणसांना लावला. कॅटेलची १६ घटकांची व्यक्तिमत्त्व प्रश्नावली दिली आणि रक्तात टॉक्सोच्या अँटीबॉडी तपासल्या. बाधित पुरुष नियम पाळण्याच्या घटकात कमी आणि संशयीपणाच्या घटकात जास्त. बाधित स्त्रिया मनमोकळेपणात आणि नियम पाळण्यात जास्त, असा कल निघाला. पडद्यावर खूण दिसली की बटण दाबायच्या चाचणीत बाधित लोक थोडे मंद निघाले. २००२ साली प्रागमधल्या अपघातग्रस्तांची तुलना त्या भागातल्या इतर लोकांशी केली, तेव्हा बाधितांत अपघाताचं प्रमाण २.६५ पट आलं.

आरएचचा प्रवेश २००८ साली झाला. रक्तदाते, सैनिक आणि विद्यार्थी यांच्यात पाहिलं तर प्रतिक्रिया मंदावण्याचा परिणाम आरएच पॉझिटिव्हमध्ये दिसेना; विशेषतः ज्यांच्याकडे आरएच-डीच्या जनुकाची एकच प्रत आहे ते सर्वांत सुरक्षित वाटले. यातून एका जुन्या कोड्याचं उत्तर मिळेल अशी आशा होती. आरएच निगेटिव्ह आईच्या पॉझिटिव्ह बाळांना धोका असतो, तर निगेटिव्हपणा युरोपात १५ टक्क्यांवर टिकून कसा राहिला? एक प्रत असणाऱ्यांना टॉक्सोपासून संरक्षण मिळत असेल तर कोडं सुटतं. कल्पना सुंदर आहे. २००९ साली ३८९० लष्करी चालकांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला: आरएच निगेटिव्ह, बाधित आणि अँटीबॉडींचं प्रमाण जास्त असलेल्यांत अपघाताची शक्यता १६.७ टक्के, म्हणजे बाकीच्यांच्या सहापटीहून अधिक. ‘सहापट अपघात’ असा जो आकडा वाचायला मिळतो, तो बहुधा इथला.

आता हा आकडा उलगडून पाहा. ३८९० पैकी आरएच निगेटिव्ह सहाशेच्या आसपास. त्यांतले बाधित शे-दीडशे. त्यांतही अँटीबॉडी जास्त असलेले तेवढेच घ्यायचे. अशा गटात दोन-तीन अपघात इकडचे तिकडे झाले की टक्केवारी निम्मी होते किंवा दुप्पट. २०१३ साली ५०२ सैनिकांवरचा अभ्यास आला. त्यात हेच गणित आणखी अडतं. १५ टक्के धरले तर निगेटिव्ह पंचाहत्तर, त्यांत चारांत एक बाधित धरला तर वीसही नाहीत. या अभ्यासात आरएच पॉझिटिव्ह बाधितांची बुद्धिमत्ता चाचणी थोडी कमी, तर निगेटिव्ह बाधितांची थोडी जास्त निघाली. एबीओ गटाचा काही परिणाम दिसला नाही. प्रतिक्रियेत निगेटिव्हांचं नुकसान आणि बुद्धीत निगेटिव्हांचा फायदा, अशी दिशा उलटसुलट फिरू लागली की माझ्या मते जैविक कारणापेक्षा आकड्यांच्या लहरीपणावर आधी संशय घ्यावा. १६ घटक, दोन लिंगं आणि आरएचचे दोन गट अशी ६४ तुलना केली, तर ५ टक्क्यांच्या कसोटीवर तीनेक ‘निष्कर्ष’ काही संबंध नसतानाही मिळतात.

दुसरी अडचण कारण आणि परिणाम यांची. टॉक्सोची लागण कच्च्या किंवा अर्धकच्च्या मांसातून, मातीतून, न धुतलेल्या भाजीतून, दूषित पाण्यातून होते. निष्काळजी माणसाला ती जास्त होणार, आणि निष्काळजी माणूस गाडीही तशीच चालवणार. यात परजीवीचा काय दोष? फ्लेगर यांचं यावर उत्तर आहे की लागण जितकी जुनी तितका स्वभावातला फरक मोठा दिसतो. पण जुनी लागण म्हणजे बहुधा वाढलेलं वय, आणि वयाने स्वभावही बदलतो, प्रतिक्रियाही मंदावतात. वयाचा परिणाम संख्याशास्त्राने वजा करता येतो, तो पूर्ण वजा झाला का हे मात्र सांगता येत नाही.

सगळ्यांत जड पुरावा न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनचा आहे. तिथे एकाच शहरात जन्मलेल्या मुलांचा जन्मापासून पाठपुरावा होतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ८३७ जण होते, वय ३८, त्यांतले २८ टक्के बाधित. व्यक्तिमत्त्व, मानसिक आजार, स्मरण, वाहतुकीचे गुन्हे आणि अपघात, सगळं तपासलं. बाधित आणि अबाधित यांच्यात जवळपास काहीच फरक निघाला नाही. तिथे आरएचनुसार वेगळी विभागणी हा मुख्य मुद्दा नव्हता, तेव्हा फ्लेगर यांचा खास दावा त्याने खोडला जात नाही. पण ‘टॉक्सोने स्वभाव बदलतो’ हा सरसकट दावा बराच ढिला पडतो. स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराशी असलेला संबंध यापेक्षा टिकाऊ आहे: अनेक अभ्यास एकत्र केले की रुग्णांत टॉक्सोच्या अँटीबॉडी असण्याची शक्यता सुमारे २.७ पट येते. तरी घाबरायचं कारण नाही. हा आजार शंभरात एखाद्याला होतो. संबंध कारणाचाच मानला तरी बाधितांपैकी ९७ टक्क्यांहून अधिक लोकांना तो होणार नाही.

आपल्याकडे हे तपासायचं झालं तर काय लागेल, हेही सांगतो, कारण अशा अभ्यासाची कल्पना वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मनात हमखास येते. भारतात आरएच निगेटिव्ह साधारण ५ टक्के आणि टॉक्सो बाधित साधारण २२ टक्के. दोन्ही असलेले झाले १.१ टक्के. शंभर माणसं मिळवायला नऊ हजारांहून अधिक तपासावी लागतील. रक्तपेढ्यांत आरएच चाचणी प्रत्येक पिशवीची होतेच. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस आणि हिवताप यांच्या चाचण्या सक्तीच्या आहेत, टॉक्सोची नाही, तेव्हा आयजीजी शोधणाऱ्या एलायझा चाचणीचा खर्च वेगळा. दात्यांत पुरुष जास्त आणि सगळेच धडधाकट, हा झुकाव मान्य करूनच पुढे जायचं. स्लाइडवर निगेटिव्ह दिसलेला नमुना कूम्ब्स या अधिक संवेदनशील पद्धतीने पुन्हा तपासलाच पाहिजे. ‘वीक डी’ असलेले, म्हणजे आरएच-डी फार क्षीण असलेले लोक चुकून निगेटिव्हांत मोजले गेले तर इतक्या छोट्या गटाचा निकाल तेवढ्यानेही बदलतो. एक प्रत की दोन, हे साध्या चाचणीत कळत नाही, त्यासाठी पीसीआर ही जनुकीय चाचणी हवी. प्रश्नावली मराठीत प्रमाणित केलेली असावी आणि अहवाल हाती पडण्याआधी भरून घ्यावी. वय, गाव की शहर, मांसाहार, पाण्याचा स्रोत, शेतीकाम, शिक्षण या नोंदी हव्यात. आणि नेमकी कोणती एक गोष्ट तपासणार, ते आधी नोंदवून ठेवावं. जपानसारखा रक्तगटाचा पगडा आपल्याकडे अजून बसलेला नाही, ही इथल्या अभ्यासाची जमेची बाजू आहे.

आता तुमच्या अहवालाकडे. आयजीजी पॉझिटिव्ह आणि आयजीएम निगेटिव्ह म्हणजे लागण जुनी आहे आणि शरीराने तिच्यावर ताबा मिळवला आहे. गर्भधारणेच्या दृष्टीने ही चांगली स्थिती आहे: बाळाला धोका असतो तो गर्भारपणात पहिल्यांदा लागण झाली तर, आणि तुम्ही तो टप्पा आधीच ओलांडला आहे. प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या व्यक्तीत ही लागण सहसा पुन्हा डोकं वर काढत नाही. एचआयव्ही, अवयवरोपण किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, तिथे नियम वेगळे आहेत.

औषधाचं म्हणाल तर स्पायरामायसिन गर्भारपणातल्या नव्या लागणीसाठी असतं. पायरिमेथामिन आणि सल्फाडायझिन वेगाने वाढणाऱ्या अवस्थेवर काम करतात. मेंदूतल्या सुप्त गाठी खात्रीने नष्ट करणारं औषध आज उपलब्ध नाही. त्यामुळे केवळ आयजीजी पॉझिटिव्ह आहे म्हणून कुणी गोळ्या लिहून दिल्या, तर कशासाठी हे नक्की विचारा. आयजीएम पॉझिटिव्ह आलेल्या बायकांचीही इथे फार धावपळ होते. आयजीएम वर्षभर, कधी त्याहून जास्त काळ रक्तात राहू शकतं आणि चाचणी चुकीची पॉझिटिव्हही येते. अशा वेळी आयजीजी अॅव्हिडिटी (अँटीबॉडी किती घट्ट चिकटते हे पाहणारी चाचणी) करावी. गर्भारपणाच्या पहिल्या १६ आठवड्यांत ती ‘हाय’ आली तर लागण गर्भधारणेआधीची समजतात. ‘लो’ आली म्हणजे लागण ताजीच, असं मात्र नाही; दोन-तीन आठवड्यांनी त्याच प्रयोगशाळेत दुसरा नमुना द्यावा.

तुमच्या घरात ज्यांची आयजीजी निगेटिव्ह आहे, विशेषतः गर्भवती असेल तर, त्यांनी काळजी घ्यायला हवी. मांस आतपर्यंत ६७ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की गाठी मरतात. कुकरमधल्या मटणाचा प्रश्नच नाही, धोका खिमा कालवताना चव पाहण्यात आणि मांस चिरलेल्या पाटावर तशीच कोशिंबीर चिरण्यात आहे. मांजराला हाकलू नका. मांजर सहसा आयुष्यात एकदाच, एक ते तीन आठवडे परजीवीची अंडी टाकतं, आणि ती पसरायच्या अवस्थेला यायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून विष्ठेचा ट्रे रोजच्या रोज, दुसऱ्या कुणी तरी साफ करावा. बागकाम हातमोजे घालून करावं. पाणी उकळावं, कारण क्लोरिनने ही अंडी मरत नाहीत. कोइम्बतूरमध्ये २००४-०५ साली डोळ्यांच्या टॉक्सोची मोठी साथ आली होती आणि तिचा संबंध शहराच्या पाणीपुरवठ्याशी जोडला गेला.

राहिला आरएच निगेटिव्ह. यजमानांचा गट तपासून घ्या. ते पॉझिटिव्ह असतील तर गर्भारपणाच्या सुरुवातीला आणि २८ व्या आठवड्यात तुमची इनडायरेक्ट कूम्ब्स चाचणी व्हायला हवी; बाळाच्या पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध तुमच्या रक्तात अँटीबॉडी तयार झाल्या आहेत का, हे ती पाहते. ती निगेटिव्ह असेल तर २८ व्या आठवड्यात अँटी-डीचं (अशा अँटीबॉडी तयार होऊ न देणाऱ्या औषधाचं) ३०० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत दुसरं. गर्भपात झाला, मध्येच रक्तस्राव झाला, पोटाला मार लागला किंवा गर्भजलाची तपासणी केली, तरी डॉक्टरांना लगेच कळवा आणि अँटी-डीची आठवण करून द्या. लहान गावात राहत असाल तर हे इंजेक्शन जवळच्या औषधदुकानात आयत्या वेळी मिळेलच असं नाही, शिवाय ते शीतपेटीतच ठेवावं लागतं. सातव्या महिन्यातच त्याची सोय कुठे आहे ते विचारून ठेवा. ओ निगेटिव्ह रक्त प्रसूतीच्या वेळी लागलं तर कुठून आणायचं, हेही तेव्हाच रक्तपेढीशी बोलून ठरवावं.